हनुवटीवरचं तिखट

२०२३ साल. मी एकाहत्तरचा होतो. आधार कार्डावर अडुसष्ट लिहिलंय, पण माझं वय मला माझ्या बापानं सांगितलेलं आहे, आणि मी कार्डापेक्षा बापाचं मानतो. त्या वर्षी दिवाळी झाल्यानंतर एका दुपारी मला कळलं, की माझ्याच घरातली पाच माणसं मिळून मला अडीच महिने फसवत होती. त्यातली दोन आठ आणि सहा वर्षांची होती.

आमचं घर किनाऱ्याला, सातपाटीच्या बाजूला. मुलगा बोईसरच्या कारखान्यात. त्या जूनमध्ये सूनही बोईसरलाच लागली, औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरायच्या कामाला. दोघं सकाळी सातच्या आत घर सोडायची आणि दिवेलागणीनंतर परत यायची. बायको मासे घेऊन पालघरच्या बाजारात बसायची, ती सहापर्यंत. शाळा सुटायची साडेचारला. मग साडेचार ते सहा नातवाला आणि नातीला बघणार कोण? मीच. गुडघ्यानं मला बोटीवरून उतरवून दोन वर्षं झाली होती आणि मी घरात नुसता बसून होतो.

सून बोलली, "बाबा, मी बिस्किटांचे पुडे भरून ठेवते. तुमी फक्त हातात द्या."

मला राग आला. पुडे द्यायला माणूस कशाला पाहिजे? मी चाळीस वर्षं बोटीवर जाळं ओढलं आणि तेवढीच वर्षं दहा माणसांचं रांधलं. आमच्या बोटीवर जेवण माझ्याकडंच असायचं. मी तिला बोललो, "जाळं ओढून वर आलेला खलाशी आणि शाळेतून आलेलं पोर, दोघांची भूक सारखीच. ती बिस्किटानं जात नाय, उलट चिडते. तू तुझ्या गोळ्या भर. पोरांचं मी बघतो."

आणि बघितलं. चार वाजता मी चूल पेटवायचो. घरात गॅस आहे, पण भाकरी मी चुलीवरच करतो. तांदळाची बोटभर जाड भाकरी, वर कांद्यात परतलेला जवळा. जवळा म्हणजे ती सुकवलेली नखाएवढी कोलंबी, परतली की सगळ्या आळीला कळतं. एखाद्या दिवशी सुक्या बोंबलाची चटणी. शनिवारी रताळी उकडायचो, पण नुसतं रताळं काय खायचं, म्हणून वर लसूण-मिरचीचा ठेचा. बोटीवर चमचे नसतात. दहा माणसांना मूठभर मीठ आणि दीड मूठ तिखट, हा माझा हिशोब. दोन पोरांसाठी मी चिमटीवर आलो. दोरी ओढून ओढून माझी बोटं केळ्यासारखी झाली आहेत, त्यामुळे माझी चिमूट म्हणजे नक्की किती, याचा विचार मी कधी केला नव्हता.

सुरुवातीला दोघं माझ्यासमोर बसून खायची. पाणी फार प्यायची. मी बोलायचो, "पाणी कमी प्या, पोट भरतंय पाण्यानं." गणपती झाल्यावर दोघं थाळ्या उचलून मागच्या दारी न्यायला लागली. "आजोबा, मागं वारा येतो." मागं उतरायला दोन उंच पायऱ्या आहेत, माझा गुडघा तिथं बोलतो. मी पुढच्या ओटीवर जाळं शिवत बसायचो. दहा मिनिटांत थाळ्या चाटूनपुसून परत. नातीच्या हनुवटीवर लाल तिखट, तेलाचा ओघळ. मी खांद्यावरच्या पंच्यानं तिचं तोंड पुसायचो आणि बोलायचो, "कशी खाते बघा! घरात दुष्काळ पडलाय जसा." ती हसायची. पुसून घेताना डोळे मिटायची.

हे तोंड पुसणं मला फार आवडायला लागलं होतं. माझ्या स्वतःच्या पोराचं तोंड मी कधी पुसलं नाही. तो लहान असताना मी समुद्रावर होतो.

किनाऱ्यावर जाळी शिवायची शेड आहे, तिथं आम्ही म्हातारे सकाळी जमतो. बोटीवरून उतरल्यावर मी तिथं जायचं सोडलं होतं, नुसतं बसायला जायची लाज वाटायची. आता पुन्हा जायला लागलो, कारण सांगायला काहीतरी होतं. काल पोरांनी काय खाल्लं, कसं खाल्लं. माझ्याबरोबर बोटीवर असलेला एक म्हातारा एकदा बोलला, "अरे, तुझ्या हातचं खाऊन आमची अर्धी बोट रडायची."

"जळतोस तू. तुझी नातवंडं पिवळी कुरकुरीत पाकिटं खातात."

"माझी नातवंडं पाकिटं खातात, पण घरात आग लागल्यासारखी पाण्याकडं धावत नाय."

सगळे हसले. मी पण हसलो. मला वाटलं, जळतोय.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. त्या दुपारी जवळा केला होता. पोरं नेहमीसारखी वीस मिनिटं उशिरा आली. का, तर शाळेत कवायत. गणपतीपासून रोज कवायत चालू होती, आणि मी मास्तरांना मनातून चांगलं म्हणत होतो, पोरांना पळवतात म्हणून. थाळ्या दिल्या. दोघं मागं गेली. माझा दोरा संपला. नवीन गुंडी मागच्या खोलीत होती, ती आणायला मी अनवाणी आत गेलो. मागचं दार अर्धं उघडं होतं.

बाहेर शेजारणीच्या सात-आठ कोंबड्या होत्या. नातवानं थाळी जमिनीवर उपडी केली होती आणि तो उकिडवा बसून कोंबड्यांना दटावत होता. "खा ना लवकर! आज काय झालं तुमाला? आजोबा विचारतील ना!"

नात पायरीवर बसली होती. तिनं थाळीतलं लाल तेल बोटावर घेतलं आणि हनुवटीला लावलं. मग रिकामी थाळी तोंडासमोर धरली आणि आरशात बघावं तसं बघितलं.

"दादा, एवढं बस?"

"अजून थोडं लाव. काल कमी होतं."

तिनं अजून थोडं लावलं.

मी शिव्या देणारा माणूस आहे. शेडमध्ये विचारा. पण त्या वेळी मी फक्त दार ढकललं. ते पूर्ण उघडलं, तेव्हा कोंबड्या पळाल्या आणि पोरं जागच्या जागी राहिली.

"रोज?" मी विचारलं.

नातू खाली बघून बोलला, "तिखट लागतं, आजोबा. खारट पण लागतं. हिच्या पोटात दुखायचं."

"मग साडेचारपासून उपाशी राहता?"

"नाय. काकीकडं खातो."

"कुठली काकी?"

त्यानं कोंबड्या गेल्या त्या दिशेला बोट दाखवलं.

आता ही शेजारीण कोण, ते सांगतो. बोंबील वाळवायच्या आमच्या बांबूच्या काठ्यांसमोर तिनं आपल्या काठ्या रोवल्या. आमच्या बोंबलांचं ऊन अडलं, भांडण झालं, तिनं मला भर आळीत नाही ते सुनावलं. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मी तिच्या घराकडं मान वळवली नाही. आणि माझी नातवंडं दप्तरासकट तिच्या दारात बसून घावन खात होती, गूळखोबऱ्याबरोबर. कधी पोहे. कवायत ती होती.

"कुणी पाठवलं तिथं?"

नात बोलली, "आईनं. आजी बोलली, आजोबांना सांगायचं नाय. त्यांना वाईट वाटंल." मग लगेच विचारलं, "वाईट वाटलं?"

तिच्या हनुवटीवर तिखट तसंच होतं. मी ते पुसलं नाही. पुढच्या ओटीवर येऊन बसलो. मागून मोरीत तोंड धुतल्याचा आवाज आला.

बायको सहाला आली. रिकामी टोपली तिनं खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "कोंबड्यांना काय आवडतं गो जास्त? जवळा का बोंबील?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पोरांकडं. टोपली खाली ठेवली. "कळलं काय?"

"गणपतीपासून मला येडा बनवलात."

"मंग काय सांगू? तुमची जीभ गेली, असं सांगू?"

"माझी जीभ बरी हाय."

"बरी हाय ती बोलायला. चव गेली तुमची. दोन वर्षं झाली. मी केलेल्या कालवणात तुमी येता-जाता मीठ टाकता नि मी तुमच्या मागनं दोन तांबे पाणी ओतते. कधी बटाटा टाकते. माझ्या ताटातलं मी खोबरं घालून खाते. तुमच्या ध्यानात आलं कधी?"

आलं नव्हतं. मी विचारलं, दोन वर्षं तोंडात काय धरून बसली होतीस? ती टोपलीतलं ओलं फडकं पिळायला लागली. मग बोलली, "बोटीवरनं उतरलात तेव्हा आठ-आठ दिस दाढी करत नव्हता. भिंतीकडं तोंड करून पडायचा. पोरांचं खाणं हातात घेतलंत नि दुसऱ्या दिवशी आरसा मागितलात. मी सांगणार होते तुमाला? मी नाय सांगितलं. आता मारा नायतर काय करा."

मी तिला कधी मारलेलं नाही. तिला ते माहीत आहे, म्हणूनच ती तसं बोलली.

तिचं बोलणं खोटं पाडायचं मी ठरवलं. माझ्या थाळीत एक भाकरी आणि जवळा शिल्लक होता. मी थोडा खाल्ला. मला चांगला लागला. थोडा आळणीच लागला, खरं सांगायचं तर. मुलगा कामावरून आला, हातपाय धुतले, तशी मी थाळी त्याच्या पुढं केली. मला कळलंय, हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हा माझा पोरगा, हा खरं बोलेल.

त्यानं घास घेतला. चावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. गिळताना त्यानं आईकडं बघितलं.

"मस्त हाय, बाबा."

"अजून घे."

त्यानं अजून घेतलं. घाम फुटला त्याला. पाण्याचा तांब्या बाजूलाच होता, पण मी बघतोय म्हणून हात नाही लावला त्यानं. "मस्तच. बोटीवरची आठवण झाली." तो कधी बोटीवर आला नव्हता.

मी थाळी ओढून घेतली. माझ्या मुलानं माझ्या तोंडावर, माझ्या घरात, मी डोळ्यांत बघत असताना खोटं सांगितलं आणि ते सांगण्यासाठी स्वतःचं तोंड जाळून घेतलं. दुसरा कोणी असता तर बोलला असता, बघा किती जीव आहे बापावर. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, यांनी सगळ्यांनी मला म्हातारा ठरवून टाकलंय आणि आता माझ्याशी कोणी खरं बोलणार नाही. वाडीत एक आजारी म्हातारी होती, तिला सगळे "बरी दिसतेस गो" बोलायचे आणि बाहेर येऊन मान हलवायचे. मी पण बोललोय तसं.

सून तेव्हा दारात उभी होती, डबा हातातच. तीच बोलली. "बाबा, खोटं नाय बोलत. दोन घासांत तोंड भाजतं. पोरगी लहान हाय, तिला मोरीत तासभर बसायला लागायचं. शेजारच्या काकीला मीच सांगितलं. तुमचं तिचं वाकडं हाय ते ठाऊक होतं मला. पण या आळीत साडेचारला घरी असणारी ती एकटीच हाय."

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगणार होते. आईंनी नि यांनी सांगू दिलं नाय."

पाचांत एकीनं विचारायच्या आत खरं सांगितलं. ते पण तिनंच माझी पोरं दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवल्यावर. मी तिच्यावर रागवू का तिचं बरं म्हणू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या संध्याकाळी जेवायला बोलावलं, गेलो नाही. ऐकू येत होतं, बायको मुलाला सांगत होती, "उद्यापास्नं काय चूल पेटवायचे नायत ते." तिचा आवाज घाबरलेला होता. मला बरं वाटलं. एवढं फसवल्यावर थोडं घाबरू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून बोईसरला निघून गेली. बायको बाजारात गेली नाही. टोपलीला हात न लावता भिंतीला टेकून बसली, मी काय करतो ते बघत. मी चूल पेटवली. कांदा चिरला, जवळा परतला, मीठ-तिखटाला हात लावला नाही. भाकरी लहान केली, पातळ. मग नातीला हाक मारली. ती दात घासून आली होती, केस विंचरायचे होते. तिला समोर बसवलं आणि मिठाचा डबा उघडून तिच्या पुढं धरला.

"तू टाक."

तिनं दोन बोटांत चार खडे घेतले आणि भांड्यात टाकले. मी तिखट पुढं केलं. तिनं बोटाचं टोक बुडवलं आणि तेवढंच झटकलं. मी हलवलं, एक घास केला आणि तिला भरवला.

"कसं झालंय? खरं सांग."

ती चावत होती. चावता चावता तिची नजर बाजूला वळली, भिंतीला टेकलेल्या आजीकडं.

मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो, माझा पाट उचलला आणि त्या दोघींच्या मधे, तिला आजी दिसणार नाही असा टाकून बसलो.