मागचा उजवा

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही असं मला दोघांनी बजावलंय. एक बाबा आणि दुसऱ्या भोईर काकू. बाबांचं गुपित आता फुटल्यातच जमा आहे, म्हणून ते आधी सांगते. काकूंचं शेवटी बघू.

दर रविवारी सकाळी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरी बाबांचे मित्र गाणी ऐकायला जमतात. मी चहा देते आणि कोपऱ्यात बसते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हेच सगळे विसरतात. किस्से असेच साठत जातात!

या मंडळींची लाडकी गायिका एकच. तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाईंची सगळी जुनी गाणी कंपनीने आता सराउंड साउंडमध्ये पुन्हा काढली आहेत. समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि जमिनीवर एक धडधडणारा डबा. बाई समोर गातात, वाद्यं आजूबाजूला आणि कोरस आपल्या पाठीमागे. माणसाने खूश व्हावं की नाही? आमची मंडळी आधी संशय घेतात!

* * *

डिस्कचा सेट आणला लछू अंकलनी. डुप्लिकेट मालासाठी बदनाम असलेल्या उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पात त्यांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. आमच्याच बिल्डिंगमधले कुलकर्णी काका बँकेतून रिटायर झालेत, पण तपासणी अजून चालू आहे. त्यांनी बॉक्स उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. मग गॅलरीत जाऊन एकेक डिस्क उन्हात धरली.

“ओरिजिनल आहे ना?”

लछू अंकल शांतपणे चहात खारी बुडवत होते. म्हणाले, “साईं, कॅम्पचं नाव ऐकलं की तुम्ही डिस्क उन्हात धरता. मागच्या वर्षी माझ्याकडून सूर्यफुलाच्या बिया नेल्या असत्या, तर एव्हाना बाग झाली असती!”

* * *

डिस्क खरी निघाली, तेव्हा कुलकर्णी काकांनी संशय कंपनीवर नेला.

“थांबवा! हा श्वास नवीन आहे.”

“कुठला श्वास?” बाबांनी विचारलं.

“दुसऱ्या कडव्याच्या आधी बाई श्वास घेतायत. आमच्या कॅसेटमध्ये तो नव्हता. हल्ली कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते घालतात.”

गाणं मागे नेलं. श्वास होता. पुन्हा नेलं. होता, पण या वेळी जरा उशिरा आला. तिसऱ्यांदा तो कडव्याच्या मधेच आला. बाबांनी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट लावली. श्वास त्यातही होता!

कुलकर्णी काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात लछू अंकलनी सोफ्यावर डोळे मिटून बसलेल्या भोईर काकांचं नाक चिमटीत धरलं.

श्वास बंद झाला.

* * *

भोईर काका बदलापूर गावातले. बाबांचे जुने दोस्त, म्हणून येतात. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच की गाणं चालू असलं की त्यांना झोप छान लागते.

* * *

मधली खुर्ची हाही संशयाचा विषय. पाचही स्पीकरचा आवाज तिथे सारखा पोचतो, म्हणून सगळ्यांना तीच हवी. लछू अंकल टेप घेऊन मापं काढायचे आणि म्हणायचे, “कोणीतरी खुर्ची सरकवली आहे.” बाबांनी शेवटी फरशीवर खडूने चार खुणा केल्या. आईने त्याच दिवशी फरशी पुसली.

एकदा आई तिथेच गवार निवडत बसली होती. बाबा कौतुकाने म्हणाले, “बघ, कसं वाटतं?”

आई म्हणाली, “छान. इथे पंख्याचं वारं लागतं.”

* * *

आता बाबांचं गुपित. दिवाळीच्या साफसफाईत कपाट हललं आणि मागच्या उजव्या स्पीकरची वायर सुटली. कुणाला पत्ताच नाही. त्याच रविवारी कुलकर्णी काका डोळे मिटून म्हणाले, “मागच्या उजव्यातून सारंगी काय येते हो! अंगावर काटा आला.” बाबा म्हणाले, “अगदी, अगदी.” लछू अंकलनीही मान डोलावली. त्यांनी विकलेला स्पीकर, ते कशाला नाही म्हणतील?

संध्याकाळी धूळ पुसताना मी लोंबणारी वायर बाबांना दाखवली. ते ती हळूच कपाटामागे ढकलायला लागले.

“जोडायची ना?” मी विचारलं.

“वेडी आहेस का? आता जोडली तर त्यांना फरक कळेल!”

* * *

मग एका रविवारी काकांबरोबर भोईर काकूही आल्या. चहा झाल्यावर सहज म्हणाल्या, “बाईंच्या त्या लग्नाच्या गाण्यात मी पन हाय. कोरसमध्ये.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसले भोईर काका. “पुन्हा सुरू झाली! लग्न झाल्यापासनं ऐकतोय. एकदा तरी ऐकवलीस काय?”

काकू म्हणाल्या की साखरपुड्यानंतर गावातल्या पोरींबरोबर त्या मुंबईला गेल्या होत्या. स्टुडिओत बांगड्या काढायला सांगितल्या. पण होणाऱ्या सासूने भरलेला चुडा काढायचा कसा? मग त्यावर रुमाल बांधला. “तरी मधेच वाजल्याच. नवं मशीन हाय ना? लावा, ऐकू येईल.”

गाणं लावलं. काकू पदर सावरून मधल्या खुर्चीत बसल्या. कोरस आला. त्यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. गाणं संपलं.

“डावीकडच्या पोरी गातात,” त्या म्हणाल्या. “आमची बाजू उजवी. आमच्या पोरी कुठं गेल्या? या मागच्या उजव्या डब्यातनं तर कायच येत नाय.”

“वहिनी, त्यातून तर सगळ्यात जास्त येतं!” कुलकर्णी काका म्हणाले. “कान तपासून घ्या एकदा.”

पुन्हा हशा. मी बाबांकडे पाहिलं. बाबा डिस्क पुसत होते, पुसलेलीच.

काकूंनी बशी खाली ठेवली. “बरं. नव्हतेच मी, असं समजा.”

त्यांनी ते इतकं हळू म्हटलं की माझ्याशिवाय कुणी ऐकलं नसावं.

* * *

पुढच्या रविवारी मंडळी यायच्या आधी मी कपाटामागे हात घातला. माझा हात बारीक आहे, आत जातो. लाल तार लाल चिमट्यात, काळी काळ्यात.

काकू यायला तयार नव्हत्या. मी फोन करून “तुमच्यासाठी आईने घावणे केलेत” असं सांगितलं. (मग आईला ते करावे लागले.)

मी स्वतःहून म्हटलं, “बाबा, ते लग्नाचं गाणं लावा ना.” मी बोलले म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले!

कोरस आला. या वेळी दोन्हीकडून. कुलकर्णी काका दचकून उजवीकडे वळले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी घावण्याकडे. दुसरं कडवं संपता संपता मागच्या उजव्यातून आवाज आला. किण्ण.

“ऐकलंव?” काकू उभ्याच राहिल्या.

आणि लगेच, तिथूनच, एक मुलगी खुदकन हसली. हसू दाबलं आणि शेवटी उचकी लागल्यासारखा आवाज आला. काकूंना इथे खोलीत हसू फुटलं. तेही शेवटी तस्संच उचकीसारखं थांबलं!

मग कुलकर्णी काका म्हणाले, “मी म्हणत नव्हतो? मागच्या उजव्यातून सगळ्यात जास्त येतं!”

भोईर काका मात्र टक्क जागे झाले होते.

“बांगड्या तुझ्याच,” ते म्हणाले. “मानलं. पन हसलीस कशाला? बाजूला कोन व्हता?”

“गाणं संपलं. घावणे खा,” काकू म्हणाल्या.

* * *

तेव्हापासून भोईर काका झोपत नाहीत. सगळ्यांच्या आधी येतात, मागच्या उजव्याला कान लावून बसतात आणि तेच गाणं लावायला सांगतात. लछू अंकलना त्यांनी विचारलं, अजून जास्त स्पीकरवालं मशीन येतं का, ज्यात शेजारी कोण उभं आहे तेही कळेल.

काकूंनी मला मात्र सांगितलं. स्वयंपाकघरात, नळ सोडून. “वायर तू जोडलीस ना? मग तुलाच सांगते. कुनाला बोलू नको हां.” आणि पुन्हा तशाच उचकी लागल्यासारख्या हसल्या. म्हणाल्या, रुमाल बांधायला एका हाताने जमेना, तेव्हा त्यांच्या शेजारी जो उभा होता ना, तो…

“सानिका! अगं, भोईर काका आलेत. गाणं लावायचंय, रिमोट कुठे ठेवलास?”

आले, बाबा! तर काकू म्हणाल्या, तो दुसरातिसरा कुणी नाही, तो आपला… शू! भोईर काका इकडेच येतायत.