दुभाषी म्हणते

माझ्या थोरल्या बहिणीने इटालियन शिकायला घेतलं तेव्हा आमच्या आत्याने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे त्याने होतं काय?"

मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. इंजिनिअरिंगने नेमकं काय होतं हे आत्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं, पण काहीतरी होतं याबद्दल तिची खात्री होती.

ताई म्हणाली, "आत्या, त्याने दोन माणसं एकमेकांशी बोलू शकतात."

"ती तशीही बोलतातच की."

"बोलतात. एकमेकांशी नाही बोलत."

"जिभेला धार आहे हो पोरीच्या," आत्या आईला म्हणाली. "कुठे बोलणी करायला गेलात तर हिला मागे ठेवा."

बाबा नळजोडणीचं काम करतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाणी आलं की त्यांचं काम झालं, लोकांना ते डोळ्यांनी दिसतं. ताईचं काम झालं की नाही हे कोणाला आणि कशावरून कळणार? ताईने दार लावलं आणि क्रियापदं पाठ करायला बसली, मुद्दाम मोठ्याने.

पदवी मिळाल्यावर तिच्या वर्गातली मुलं चार दिशांना पांगली. एक सहल कंपनीत लागला. एक मैत्रीण सिनेमांच्या तळाशी येणाऱ्या ओळी लिहू लागली. दिवसभर दुसऱ्यांचे संवाद ऐकून ती घरी गप्प बसते म्हणे. दोघांनी नाद सोडला आणि बँकेच्या परीक्षा दिल्या. ताईने थोडं थोडं सगळंच करून पाहिलं. आधी ती एका फ्रिजच्या कंपनीत फोनवर बसली. पलीकडून इटलीतली माणसं बर्फ वितळल्याबद्दल तिच्यावर ओरडायची. "कॉलेजात तीन वर्षं घालवली," ती म्हणायची, "पण शिव्या इथेच शिकले. आणि अस्सल." मग ती संग्रहालयात पर्यटकांना मूर्ती दाखवू लागली. तिथे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न स्वच्छतागृह कुठे आहे हाच होता. मग घरी बसून कपडे धुण्याच्या आणि कॉफीच्या मशीनची माहितीपुस्तकं भाषांतरित केली. त्यात मी मदत करायचे. रिले म्हणजे काय, सेन्सर कसा चालतो, हे मी समजावायचे आणि ती शांतपणे ऐकून म्हणायची, "छान. आता हेच कुठल्यातरी एका भाषेत सांग."

शेवटी बिस्किटांच्या कारखान्यात तिला काम मिळालं. तिथे इटालियन बनावटीचं पॅकिंग मशीन आलं होतं, ते बसवायला आणि शिकवायला तिकडचे तंत्रज्ञ येत-जात होते, आणि मध्ये बोलायला कोणीतरी हवं होतं. काम कंत्राटी होतं. वर्षभर काम नीट झालं तर कायम करू, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं. आमच्या घरात तो 'कायम' हा शब्द इतक्यांदा उच्चारला गेला की तो घरातला पाचवा माणूस झाला. आत्या तर फोनवर आधी त्याचीच चौकशी करायची.

आता ताईच्या धंद्यातली एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवर उभं आहे. दुभाषी दुसऱ्याचं बोलणं सांगताना "ते म्हणतात की" असं लावत नाही. बोलणारा "मी" म्हणाला की तीही "मी" म्हणते. त्यामुळे तिला स्वतःचं काही सांगायचं झालं तर "मी" शिल्लकच राहत नाही. तेव्हा ती म्हणते, "दुभाषी म्हणते." आणि खोलीत जे मोठ्याने बोललं जातं ते सगळं पलीकडे जातं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही.

ही पद्धत तिने घरात घोटवली होती. एकदा आईबाबांचा अबोला चालू होता. आई ताईला म्हणाली, "सांग तुझ्या बाबांना, मोरीचा नळ गळतोय, आणि लोकांचे दुरुस्त करत फिरतात." ताई बाबांकडे वळून आईच्याच सुरात म्हणाली, "मोरीचा नळ गळतोय, आणि लोकांचे दुरुस्त करत फिरता."

बाबा म्हणाले, "तिला म्हणावं, तोंड आवर."

ताई आईकडे वळली. "तोंड आवर." मग हात मागे बांधून दोघांच्या मध्ये उभी राहिली. "दुभाषी म्हणते, दुभाषीला भूक लागली आहे. भांडण लवकर आटपा."

बाबांना हसू आलं आणि अबोला तिथेच मोडला.

कारखान्यातही पहिल्याच दिवशी तिने दोन्ही बाजूंना ही पद्धत सांगितली होती. खासगी बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला, खोलीत बोललात तर ते पोचेल. सगळ्यांनी माना हलवल्या. सुरक्षेच्या सूचना वाचून दाखवल्यावर माणसं हलवतात तशा.

वर्ष संपत आलं होतं तेव्हा अपघात झाला. मशीनवर काम करणारे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. पाकिटाची कड चिकटवणाऱ्या जबड्यात त्यांचा हात सापडला. दोन बोटं चेंगरली आणि तो जबडाही वाकला. आता त्या जबड्यासमोर पारदर्शक दार असतं. दार उघडलं की एक सेन्सर मशीन बंद करतो, म्हणजे दार उघडं असताना हात सापडणं शक्यच नाही. पण मामांचा हात तर सापडला होता. उघडून पाहिलं तेव्हा सेन्सर तारेने असा बांधून ठेवलेला होता की मशीनला दार कायम बंदच वाटावं.

मशीनच्या कंपनीने चौकशीला एक तंत्रज्ञ पाठवला. छताला टेकेल एवढा उंच, म्हणून कामगारांनी त्याचं नाव लंबू ठेवलं. दोष ऑपरेटरचा निघाला असता तर मामांची नोकरी जाणार होती. कारखान्याचा निघाला असता तर मॅनेजरसाहेबांना वर उत्तर द्यावं लागणार होतं. मी तिथे नव्हते. पण ताईने जे सांगितलं आणि मामांनी आमच्या घरी येऊन जे सांगितलं, ते शब्दाला शब्द जुळतं.

मिटिंगच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला लंबू, दुसऱ्या बाजूला मॅनेजरसाहेब आणि हाताला पट्टी बांधलेले मामा, आणि टोकाला ताई.

लंबूने विचारलं, "तार कोणी बांधली?"

मामा म्हणाले, "मी. साहेबांनी सांगितलं म्हणून. पाकीट अडकलं की दार उघडावं लागतं, दार उघडलं की मशीन थांबतं, माल मागे पडतो. साहेब म्हणाले, बांधून टाक."

ताई तोंड उघडणार तेवढ्यात मॅनेजरसाहेब म्हणाले, "हे सांगू नकोस. त्याला नीट आठवत नाही म्हण."

ताईने आधी मामांचं सगळं सांगितलं. मग, आवाज जराही न बदलता, साहेबांचंही सांगितलं. हे सांगू नकोस. त्याला नीट आठवत नाही म्हण.

लंबूने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय सांगितलंस तू त्याला?" साहेबांनी विचारलं.

"जे बोललं गेलं ते."

"माझंही?"

"तुमचंही. तुम्ही खोलीत बोललात, साहेब."

दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडले नव्हते, हे ताईला जास्त खटकलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

"हे बघ, तुझं कायमचं मी आजच करून टाकतो. उद्या मी त्याला म्हणेन की काल भाषांतरात गडबड झाली. तू फक्त मान हलव. दुभाष्याची चूक कोणी मनावर घेत नाही गं. शब्द आहेत, इकडचे तिकडे होतात."

"आणि मामा?"

"मामाला मी बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो."

चहा आला. ताईने तो प्यायला नाही. तिच्याबाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

संध्याकाळी तिने हे घरात सांगितलं. बाबा हत्यारं पुसत बसले होते.

"मग हलव की मान," ते म्हणाले. "चूक अंगावर घेतल्याने माणूस लहान होत नाही. माझ्या अंगावर किती ढकललंय लोकांनी. मिस्त्रीने भिंत वाकडी बांधली तरी नळवालाच चुकला."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"पोटासाठी म्हणावं लागतं कधीकधी."

"तुम्ही नीट बसवलेल्या नळाला गळका म्हणाल? घरमालकासमोर, स्वतःच्या तोंडाने?"

"नळाचं वेगळं असतं. तो उघडून दाखवता येतो."

"माझाही दाखवता येतो. दोन भाषा येणारा कोणीही आणा."

"तो कोण आणणार आहे?" बाबांचा आवाज चढला. "तुला एवढंही कळत नाही? वर्षभर राबलीस. एक मान हलवायची, तर काय मान मोडते?"

"हो," ताई म्हणाली. "मोडते. मला एकच गोष्ट नीट येते, बाबा. तुम्ही सगळे वर्षानुवर्षं विचारत आलात की तिचा उपयोग काय. आणि आता पहिल्यांदा नोकरी मिळते आहे ती कशाबद्दल, तर मला ती येत नाही असं म्हणण्याबद्दल."

बाबांनी पाना पेटीत टाकला आणि झाकण लावलं. पटलं असं ते म्हणाले नाहीत. आजही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत तीच माणसं बसली. साहेबांनी घसा साफ केला. "काल दुभाषीने चुकीचं सांगितलं. ऑपरेटर असं काही म्हणालाच नव्हता. मीही नाही. मुलगी नवीन आहे, जरा समजून घ्या."

बोलून त्यांनी ताईकडे पाहिलं. आता ही मान हलवेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हे वाक्यही तिलाच पलीकडे न्यावं लागणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं.

ताईने ते नेलं. काल दुभाषीने चुकीचं सांगितलं, इथपासून मुलगी नवीन आहे, इथपर्यंत. 'समजून घ्या' मधला तो मायाळू सूरसुद्धा सोडला नाही. मामा म्हणतात, "भाषा कळत नव्हती मला, पण सूर ओळखला. म्हटलं, पोरीने शरणागती पत्करली. मी मनातल्या मनात घरी जायला निघालो."

मग तिने हात मांडीवर ठेवले आणि आधी इटालियनमध्ये, मग आपल्या भाषेत म्हणाली, "दुभाषी म्हणते, कालच्या भाषांतरात चूक झालेली नाही. कोणाला शंका असेल तर ऑपरेटर इथेच बसले आहेत, त्यांना पुन्हा विचारा. दुभाषीवर भरवसा नसेल तर दुसरा दुभाषी बोलवा. तोवर ही दुभाषी बाहेर थांबेल."

लंबू मामांकडे वळला. "तार कोणी बांधली?"

मामांनी पट्टीचा हात टेबलावर ठेवला. "बांधली मीच. त्यातून मी अंग काढून घेत नाही. पण साहेब तिथे उभे होते. बांध म्हणाले, बांधली. काल हेच बोललो होतो. पोरीने बरोबर सांगितलं असणार, नाहीतर हे आज एवढे घाबरले नसते."

ताईने शेवटचं वाक्यही पोचवलं. लंबूच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"बस्स झालं," मॅनेजरसाहेब तिला म्हणाले. "उद्यापासून तू यायचं नाहीस."

ताई लंबूकडे वळली आणि साहेबांच्या तोऱ्यात म्हणाली, बस्स झालं, उद्यापासून तू यायचं नाहीस.

लंबूने शांतपणे विचारलं, "मग उद्या नवा जबडा बसवताना माझं बोलणं तुमच्या माणसांना कोण सांगणार?"

ताईने तेही साहेबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. गप्प बसण्याचं भाषांतर करावं लागत नाही.

जबडा बसेपर्यंत ताई जात राहिली. सेन्सरच्या पेटीला कंपनीने सील ठोकलं. आता दार उघडलं की मशीन थांबतं, माल मागे पडतो, आणि ऑफिसला ते चालवून घ्यावं लागतं. मामा बरे होऊन त्याच मशीनवर परतले. ताईला कायम केलं नाही. काम संपल्यावर ती निरोप घ्यायला गेली तेव्हा साहेब म्हणाले, "एक वाक्य गिळलं असतंस तर आज इथली झाली असतीस."

"ते वाक्य माझं नव्हतं, साहेब. दुसऱ्याचं कसं गिळणार?"

आत्या या सगळ्याला अजूनही 'हातची घालवली' असंच म्हणते. म्हणू दे. ताई आता बोलावतील तिथे जाते. कधी इस्पितळात, कधी कोर्टात, कधी नवं मशीन आलेल्या कारखान्यात. काही महिने कामांची रीघ लागते, काही महिने फोन वाजत नाही. तेव्हा ती चिडचिडी होते आणि आम्ही तिच्या वाटेला जात नाही. संध्याकाळी ती तिच्या जुन्या संस्थेत नव्या मुलांना शिकवते.

मागच्या आठवड्यात मी तिला घ्यायला गेले होते. वर्ग सुटायचा होता म्हणून दाराशी थांबले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, घरचे विचारतात, यात कायमची नोकरी मिळते का?"

"मिळते," ताई म्हणाली. "मलाही मिळत होती."

"मग?"

"मग काय. अट होती की मला जे येतं ते येत नाही म्हणायचं. मी नाही म्हटलं." तिने फळा पुसायला घेतला. "चल, उभी राहा आणि आजचा संवाद म्हण. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."