वाळूखालचं प्लास्टिक

आमच्या शाळेतल्या घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणत. ते माणसांशी मराठीत आणि घोड्यांशी कानडीत बोलत. उत्तर देण्याआधी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची त्यांना सवय होती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर शाळेने घोडेस्वारीसाठी रिंगण बांधायला काढलं. मी तिथे नुकताच लागलेला तरुण शिक्षक; काम माझ्याकडे होतं. खालची काळी माती वरच्या वाळूत मिसळू नये म्हणून मध्ये काय अंथरायचं? गिरणीतलं जाड सुती कापड, की नव्याने मिळू लागलेलं प्लास्टिक?

मामांनी दोन्हींवर तांब्याभर पाणी ओतलं. कापडातून ते झिरपलं, प्लास्टिकवर साचलं.

"पाण्याला वाट पायजे की, सायब."

"कापड कुजतं, मामा."

"कुजंल तवा बदलू. घोडं पडलं तर काय बदलणार?"

मी हसलो आणि प्लास्टिक अंथरलं.

त्याच पावसाळ्यात वाळूचा रबडा झाला आणि तांबडी घोडी घसरून पडली. मुख्याध्यापक धावत आले. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "माजं चुकलं. वल्या वाळूत काढायला नको हुती." मी गप्प राहिलो. आज इतक्या वर्षांनंतरही मला ते टोचतं.

संध्याकाळी पागेत गेलो. मामा घोडीचा सुजलेला पाय शेकत होते.

"मामा, उद्या मी सरांना खरं सांगतो."

"सांगाल तवा सांगा. आदी हितं बसा, पाय धरा. लई ठणकतोय तिला."

मी पाय धरला. घोडी शहारली, तसा मी हात काढू लागलो. मामांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि तो काढू दिला नाही.