पूर्ण नाव लागेपर्यंत

लाइट आहे तोवर बाबांचं नाव पडद्यावर लागलं पाहिजे, त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शाळेत फळ्यावर आरसा आणि किरणं काढता काढता मी मनात प्रोग्रामच्या ओळी खोडत असायचो.

तेव्हा मी कुरखेड्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही कोणालाही सांगतो. ज्यांच्या घरात आजोबाही पदवीधर होते, त्यांनी नाही सांगितलं तरी चालतं, मी सांगतो. आणि घरात कॉम्प्युटर असलेला दुसरा माणूस तेव्हा तालुक्यात असेल, तर तो मला भेटला नव्हता.

कॉलेजच्या एका मित्राच्या भावानं तो परदेशातून आणला होता. मित्राचं मन त्यात रमलं नाही, म्हणून कॉम्प्युटर माझ्याकडे आला. पाटीएवढी काळी पेटी, वर रबरी बटणं. पडदा नाही, टीव्हीला जोडायची. चालू केली की लगेच जागी व्हायची, पण डोकं कोरं. काल शिकवलेलं आज आठवायचं नाही. दर वेळी टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट वाजवायची, तिच्यातली किरकिर ऐकत पेटी प्रोग्राम पुन्हा शिकायची. याला आम्ही घरी प्रोग्राम 'लागणं' म्हणायचो. आई चुलीवर भात ठेवायची अन् मी कॅसेट लावायचो. बहुतेक वेळा भात जिंकायचा. मध्ये लाइट गेली की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी ती किरकिर ऐकून बाबा म्हणाले, "का गा, याच्यात कोल्हे कोंडले काय?"

"माहिती आहे बाबा ती. आवाजाच्या रूपात."

"याले आपली भाषा येते?"

येत नव्हती. पेटीला फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक होती. पण मी म्हणालो, "मी शिकवतो ना."

"मंग माह्यं नाव काढ. पूर्ण."

त्या 'पूर्ण'मध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. बाबांची उमर तेंदूपत्त्याच्या फडावर आणि बांबूतोडीत गेली. फडावर पानं मोजून घेणारा मुन्शी, काल मिसरूड फुटलेला असला तरी, मजुरांना अर्ध्या नावानं हाक मारायचा. नावाचं शेपूट तोडायचं, उरलेल्याला 'या' चिकटवायचा आणि ओरडायचं. बाबा ओ द्यायचे. न देऊन करणार काय? पण दीक्षा घेतल्यावर वस्तीत रात्रीचा वर्ग सुरू झाला, तिथे बाबा एकच गोष्ट शिकले: स्वतःचं पूर्ण नाव लिहायला. बाकी अक्षरं त्यांनी सोडून दिली. लिहिताना शेपटाच्या अक्षरांवर पेन इतका दाबायचे की खालच्या कागदावरही ती उमटायची. आमच्या घरात अर्धं नाव कोणी उच्चारायचं नाही. आई तर पूर्णही उच्चारायची नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, ही सवय धर्म बदलला तरी तिच्या तोंडातून गेली नव्हती. "तुह्ये बाबा" म्हणायची, नाहीतर नुसतं "अवो".

मी चौकटीच्या कागदावर बाबांची अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी काढू लागलो. वेलांटी, काना, एक जोडाक्षर. घाई नव्हती.

मग बाबा दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. ताटातली बाजूची चटणी त्यांना दिसेना. चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. काचबिंदू. "गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. फार उशिरा आणलंत." परतीच्या एसटीत बाबांनी खिडकीची जागा मला दिली. म्हणाले, "तूच पाह्य. मले समोरचं तेवढं दिसते, नळीतून पाह्यल्यावानी."

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "नाव कधी लागन?"

प्रोग्राम तर झाला होता. लागत नव्हता. उन्हाळी धानाला पाणी द्यायचे पंप चालू झाले होते. लाइट यायची, जरा राहायची, व्होल्टेज पडायचं, टीव्हीचा पडदा आक्रसायचा आणि पेटी सगळं विसरायची. कॅसेट निम्म्यावर, नाहीतर अगदी शेवटाला. एकदा किरकिर थांबली, नाव निघणार तेवढ्यात लाइट गेली. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते.

"गेली काय?"

"गेली."

"मले वाटलं माह्ये डोळेच गेले."

हसले. मला हसता आलं नाही.

लाइट माझ्या हातात नव्हती. प्रोग्राम लागायला जो वेळ खायचा तो कमी करणं हातात होतं. टेपरेकॉर्डर लाइटवरून काढून सेलवर घेतला, म्हणजे व्होल्टेज पडलं तरी त्याची चाल बदलू नये. स्पिरिटच्या बोळ्यानं त्याचं हेड पुसलं. नवी कॅसेट घेऊन प्रोग्राम अगदी सुरुवातीलाच भरला. टीव्हीचं चॅनेल जुळवण्यात वेळ जायचा, त्या बटणावर नेलपॉलिशची खूण केली. शेजारणीकडून मागून आणलेलं नेलपॉलिश. आईनं आठवडाभर त्यावरून चिडवलं. तरी भात जिंकतच होता.

आमच्या शाळेतले गणिताचे सर यायचे. त्या काळात माझं बोलणं कळणारे ते एकटेच. त्यांनी चौकटीचे कागद चाळले आणि सरळ हिशेब मांडला.

"सर, नाव लांब आहे. अर्धं टाका ना. सारे तेच म्हणतात त्यांना. निम्मा वेळ वाचतो."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना अर्धं नाव फक्त लहान वाटत होतं.

मी म्हणालो, "सर, तुमच्या वडिलांचं लिहायचं असतं तर अर्धं टाकलं असतं?"

ते कागद खाली ठेवून म्हणाले, "मी वेळेचं बोलत होतो."

"मीही वेळेचंच बोलतोय."

चहा न घेता गेले. तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा दोघांनीही तो विषय काढला नाही.

पण कापायला तर हवंच होतं. आधी ठिपक्यांच्या आकड्यांची मांडणी आखडती घेतली. माझ्या सोयीसाठी लिहिलेले शेरे काढले. सुरुवातीला वाजणारी छोटी धून काढली. तरी उरली ती चौकटीतली पहिली पाटी: माझं नाव, पुढे बी.एस्सी., खाली नक्षी. पेटी चालू करून दाखवली की पाहणारे आधी तेच वाचायचे, आणि मला ते आवडायचं. ती खोडायला मला एक अख्खा रविवार लागला. आईला म्हणालो, "माझी डिग्री काढून टाकली."

"मंग आता काय, शाळेत झाडू मारतं?"

शेवटी प्रोग्रामचे दोन तुकडे केले. सगळं लागेपर्यंत थांबायचंच नाही. पहिला तुकडा लहान. तो लागला की लगेच थोडी अक्षरं पडद्यावर, मग कॅसेट पुढे चालू, दुसऱ्या तुकड्यात बाकीची. लाइट मध्येच गेली तरी काहीतरी दिसलेलं असेल. आता आधी कोणतं? कोणीही म्हणेल, नाव सुरुवातीपासून लिहितात. पण समजा अर्ध्यातच गेली, तर दिसलेलं असणार ते फडावरचं अर्धं नाव. बाबांच्या उरलेल्या नजरेला मी तेच दाखवणार? मी शेपूट आधी टाकलं. जागेवरच, उजवीकडे, डावीकडे पुढच्या अक्षरांसाठी रिकामं सोडलं.

एका दुपारी लाइट आली. कवाडं लोटली, बाबांना टीव्हीसमोर बसवलं. आई चुलीपाशी. कोल्हे सुरू झाले. आणि भात उकळायच्या आत किरकिर थांबून उजव्या बाजूला पांढरी, ठसठशीत अक्षरं उमटली.

"बाबा, पाहा."

बाबांनी मान हळूहळू फिरवली. त्यांना एका वेळी एकच अक्षर सापडत होतं. पडद्याच्या डाव्या टोकाला गेले, तिथं काही नव्हतं. परत उजवीकडे आले. बोट काचेजवळ नेऊन एकेक अक्षर धरलं.

"शेपूट आलं," म्हणाले. "मुंडकं कुठी हाये?"

"येते. कॅसेट चालू आहे."

"उलटं काऊन?"

मी म्हणालो, "हे आधी यायला पाहिजे होतं."

बाबा खुर्चीतच पुढे सरकले. मग शेपटाच्या अक्षरांवरून बोट पुन्हा फिरवलं, दाबून, पेन दाबायचे तसं. "बराबर काढलं," म्हणाले. तेवढ्यात पडदा आक्रसला, मधोमध एक ठिपका उरला आणि तोही विझला. सेलवरचा टेपरेकॉर्डर एकटाच किरकिरत राहिला.

"अवं," बाबा चुलीकडे तोंड करून म्हणाले, "मुंडकं तू सांग. याच्या मशीनचा भरोसा नाई."

"मी नाई घेत नाव," आई म्हणाली.

"मंग अर्धंच राह्यलं."

"राहू द्या. उद्या लागन."

उद्या लागलं नाही. परवाही नाही. कधी लाइट नसायची, कधी कॅसेट चुकायची, कधी बाबांचं डोकं दुखायचं आणि ते पडून राहायचे. रोज संध्याकाळी बाबा किती पायऱ्या न अडखळता उतरतात तिकडे मी पाहायचो, आणि मी पाहतो हे त्यांना कळायचं. पाऊस पडला, पंप थांबले, धानाची रोवणी उरकली, तेव्हा कुठे लाइट टिकू लागली.

एका सकाळी दोन्ही तुकडे लागले. शेपूट आलं, मग त्याच्यापुढे एकेक अक्षर, जोडाक्षरही नीट. आईनं नुकता भात वैरला होता. बाबा खुर्चीत होते, पण तोंड टीव्हीच्या जरा बाजूला, भिंतीकडे होतं. खुर्ची वळवावी म्हणून मी उठलो आणि तसाच उभा राहिलो. नळीही मिटली होती. कधी मिटली ते त्यांनी घरात सांगितलं नव्हतं.

"आवाज बंद झाला," बाबा म्हणाले. "लागलं काय?"

"लागलं."

"पूर्ण?"

"पूर्ण बाबा."

त्यांनी हात पुढे केला, काच सापडली नाही. आई चुलीपासून उठून आली. तिला वाचता येत नव्हतं. पदराला हात पुसून ती टीव्हीसमोर उभी राहिली, अक्षरांकडे पाहिलं, आणि बाबांचा हात धरून काचेवर डाव्या टोकाला ठेवला. मग तिनं बाबांचं नाव घेतलं. सुरुवातीपासून, सावकाश, हात उजवीकडे सरकवत. शेपटाशी आल्यावर आवाज जरा मोठा करून.

भात करपल्याचा वास येईपर्यंत आमच्यापैकी कोणी हललं नाही.