काचेच्या दुकानाबाहेरच्या चपला

पुण्यातल्या डॉक्टरांनी सकाळी आईला बाहेर बसवून मला सांगितलं, की आता उपचारांचा उपयोग नाही. मी बाहेर येऊन तिला "सगळं नीट हाय" असं ठोकून दिलं. ती म्हणाली, "मग जरा शहर तरी दाखव. जामखेडला गेल्यावर बायांना सांगायला काय तरी पायजे."

लक्ष्मी रस्त्यावर ती खुशीत होती. साड्या नेसवलेल्या पुतळ्यांना तिनं नावं ठेवली, "एकीच्याबी अंगावर मास न्हाई." एका काचेच्या दाराच्या दुकानात शिरताना तिनं सवयीनं चपला बाहेर काढल्या. रखवालदार फिदीफिदी हसला. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

"हसू दे. कुणाच्या दारात चपला घालून शिरायचं असतंय व्हय?"

बाहेर आलो तर चपला गायब. "चोराच्या पायाला बसल्या म्हंजे बरं," म्हणत ती अनवाणीच पुढच्या चपलांच्या दुकानात शिरली. दुकानदारानं एक जोड पुढं केला. "घ्या मावशी, तीन वर्षं काही होत नाही."

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि जोड हळूच परत सरकवला.

"एवढ्या नगं, दादा. उन्हाळ्यापुरत्या असतील तर दाखव."