बाईंची हजेरी

"राती कुटं व्हतीस?"

आमच्या शाळेत हजेरी अशी व्हायची. गावातल्या मुलांची नावं घेतली की ती "हजर" म्हणायची आणि बाई खूण करून पुढं जायच्या. पण काही नावांपाशी त्या थांबत, चष्म्यावरून बघत आणि हा प्रश्न विचारत. उत्तरंही तशीच सरळ यायची. "पाइपात." "पार्किंगमधी." "मुकादमाच्या टेम्पोत." एकदा एक लहानगी म्हणाली, "काय म्हाईत, मी झोपले व्हते." तेव्हा सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या.

मी तिथं नवा होतो. चारचौघांत लेकरांना असं विचारणं मला बरं वाटेना. तसं मी बाईंना म्हणालो.

"सर, उद्या त्ये पोर आलं न्हाई तर तुमी कुटं हुडकाल?" बाई म्हणाल्या. "ह्यांला घर न्हाई, म्हंजे पत्ता न्हाई. कालची रात हाच पत्ता."

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मीही तेच विचारलं.

घोटावड्याच्या बाजूला आमची शाळा. पाचवीपर्यंत वर्ग आणि शिक्षक दोन. बाई मुख्याध्यापिका आणि मी उरलेला. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या शेड आणि हिंजवडीकडून सरकत आलेल्या उंच इमारती. त्या इमारती बांधणारी माणसं मात्र मिळेल तिथं राहतात. अर्धवट बांधलेल्या मजल्यावर, प्लास्टिकच्या कागदाखाली, मोठ्या पाइपांत. काम संपलं की ती पुढं जातात आणि पोरंही त्यांच्यामागं जातात. तुम्हीही त्या रस्त्यानं गाडीतून गेला असाल, तर काचेतून पाहिली असतील.

बाई गावच्याच. माहेर मुळशीचं, सासर घोटावड्याचं. नवरा लवकर गेला, पण भावकीत बाईंचा वचक होता. शिक्षिकेसारखं मराठी त्या फक्त धडा वाचताना बोलत, एरवी सगळा गावचा कारभार. शाळा भरण्याआधी स्कूटरवरून साइटी फिरायच्या आणि येताना पुढं एक, मागं दोन अशी पोरं घेऊन यायच्या. एकदा चौकात पोलिसानं अडवलं. बाई म्हणाल्या, "पोर शाळंत पायजे, कायद्यात हाय. माझ्या गाडीवर चालत न्हाई, तर तुमच्या गाडीत सोडा." त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं.

"कायद्यात हाय" हे त्यांचं पालुपद. शिक्षण हक्क कायद्याचं प्रशिक्षण आम्ही सगळ्यांनीच घेतलं होतं. बाकीचे चहा कधी येतो ते बघत होते. बाईंनी त्यातल्या दोन गोष्टी पदराला बांधून आणल्या. कागद नाही म्हणून पोराला परत पाठवायचं नाही आणि वय असेल त्या वर्गात बसवायचं. एखादा बाप दाखला नाही, आधार नाही म्हणू लागला, की त्या म्हणत, "मी कागद मागितला का? पोर मागितलं."

आता वय कसं कळायचं? आईबापांना विचारावं तर "उस साल बारिश बहुत हुई थी" एवढंच कळायचं. बाई शेतकऱ्याच्या घरातल्या. पोराला उजेडात उभं करून म्हणायच्या, "आ कर." दुधाचे दात किती पडले, दाढा कुठवर आल्या, ते बघून वर्ग ठरायचा. मी एकदा गमतीनं म्हणालो, "बाई, बैल घेताय का?"

"बैलाचं वय चुकलं तर हंगाम जातो, सर. हितं पोरीचं वरीस जाईल."

फुलमती अशीच आली. छत्तीसगडची होती. "आ कर" म्हटल्यावर तिनं तोंड उघडलं आणि बाईंचं बोट दाढेजवळ जाताच कचकन चावली. बाईंनी बोट झटकलं, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "दात चांगले हायेत. तिसरीत बसू दे."

तिला एक अक्षर येत नव्हतं. बाईंनी तिला गावातल्या दोन मुलींच्या मधोमध बसवलं. त्यातली एक त्यांच्या धाकट्या दिरांची नात. त्यावरून दिरांच्या घरी बोलणं झालं, पण जागा बदलली नाही. खिचडी खाऊन झाली की बाई तिला जवळ घेऊन बसायच्या. सुरुवातीला पोरगी म्हणायची, "मैं न्हाई जाएगी, मेरेकू हितंच बैठनेका." चौथीत येईतो हिंदी गळून पडली. पाचवीत तर मलाच सुनावायला लागली, "सर, तुमी फळ्यावर लई हळू लिव्हता." तिच्या बापाला हे बोलणं कळायचं नाही. तो नुसता हसायचा.

पाचवीनंतर रस्त्यावरच्या हायस्कुलात सहावी. बाई त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. "हिला सहावीत बसवलं की मी मोकळी," असं त्या येता-जाता म्हणत. इतकी पोरं आली आणि गेली, एकही त्या दारापर्यंत टिकलं नव्हतं. हिचं तरी व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

फुलमतीच्या आणि आणखी काही कुटुंबांच्या झोपड्या ज्या पडीक तुकड्यावर होत्या, ती जमीन बाईंच्या सासरचीच. त्या हिवाळ्यात जमिनीला गिऱ्हाईक आलं. त्याला जागा रिकामी हवी होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत धाकटे दीर शाळेच्या ओट्यावर येऊन बसले.

"वैनी, तुमची तेवढी सही ऱ्हायलीय. सातबाऱ्यावर नाव हाय तुमचं."

"करीन की."

"कवा?"

"पोरांची परीक्षा झाली की."

"आन् तवर ती लोकं?"

"तवर हितंच. तुमी त्यांला हलवलं, तर मी सही करायची न्हाई, भावजी."

दीरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "लोकं येडं म्हंत्याल आपल्याला." बाई म्हणाल्या, "म्हनू द्या. तुमाला काय नवीन हाय?" दीर हसले आणि उठले. त्यांनी शब्द दिला आणि, सांगून टाकतो, तो पाळलाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला बाईंनी फुलमतीचं नाव घेतलं आणि प्रश्न विचारलाच नाही. पोरगी वाट बघत होती. बाई म्हणाल्या, "आता म्हाईत हाय मला. तू पन हजर म्हन." फुलमती दोन्ही पाय जुळवून इतक्या जोरात "हजर" म्हणाली, की बाजूच्या वर्गात माझ्या हातातला खडू थांबला. त्या तुकड्यावरची सगळी पोरं त्या दिवसापासून हजर म्हणू लागली. बाई खुशीत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी फुलमती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताप असेल म्हणून बाई संध्याकाळी मला बरोबर घेऊन तुकड्यावर गेल्या. तिच्या झोपडीच्या जागी चार खड्डे आणि चुलीची राख होती. शेजारीण भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "वो तो कब के गए, मॅडम. ठेकेदार का इधर का काम खतम हुआ. हिंजवडी के उधर नई साइट पे ले गया."

"पन ती तर परवापर्यंत शाळंत व्हती," बाई म्हणाल्या.

"आती थी ना. अकेली. अंधेरे में निकलती थी, कभी दूध की गाड़ी में, कभी पैदल. माँ को बोली, परीक्षा तक जाऊँगी. यहाँ के बच्चों को बोली, मॅडम को मत बताना."

बाई तिथंच एका दगडावर बसल्या. मी उभा होतो.

"माज्या तोंडावर हजर म्हनत व्हती, सर," बाई म्हणाल्या. "आन् मी खूण करत व्हते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही नव्या साइटवर गेलो. वॉचमननं आत सोडलं नाही, पण सांगितलं, की ती टोळी ठेकेदारानं पुढच्या कामावर नेली. कुठं? तो म्हणाला नाशिक, दुसरा म्हणाला सुरत. बापाचा फोन बंद होता. ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाला बाईंनी फोन केले. कुठूनही काही आलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मला काहीच वाटत नव्हतं. बाईही रडल्या नाहीत. सकाळी त्या तुकड्यावरच्या पोरांना पुन्हा तोच रातीचा प्रश्न विचारू लागल्या, फक्त आवाज खाली आला होता.

परीक्षा झाली. राहिलेली पोरं बसली, पास झाली. त्याच आठवड्यात बाईंनी दिरांना बोलावून सही करून टाकली. मी म्हणालो, थोडं थांबला असतात. त्या म्हणाल्या, "त्यांनी त्यांचा शब्द पाळला, सर. मी माझा." मेमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, पाच-सहा भाषणं. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चहा गार होतोय," आणि खाली बसल्या.

मग बाई आपल्या मुलाकडं चिंचवडला राहायला गेल्या. शाळा सुरू झाल्यावर अधूनमधून फोन करायच्या. नवी पोरं किती आली, एवढंच विचारायच्या. फुलमतीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. श्रावणात एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. मी जाऊन आलो. दुपारची खिचडी वाढायला परत शाळेत होतो. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक फोन आला. नाशिककडच्या कुठल्याशा शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते. एक मुलगी तिची तीच येऊन त्यांच्या वर्गात बसली होती. आईबाप जवळच्या साइटवर. तिनं आमच्या शाळेचं नाव नीट सांगितलं, त्यावरून त्यांनी माझा नंबर शोधला.

"सहावीत बसायचं म्हणते," ते म्हणाले. "पाचवीची परीक्षा दिली नाही, हेही तीच सांगते. खरं का?"

"खरं आहे. वयानं सहावीच."

"बसवलंय मी. फक्त विचारून घेतलं. आणि हे बघा, ती कुणा बाईंशी बोलायचं म्हणतेय."

फोन दुसऱ्या हातात गेला. मागं पोरांचा गलका होता.

"सर, मी सहावीत हाय," फुलमती म्हणाली. "बाई हायेत का?"

मी व्हरांड्यात उभा होतो. समोर मैदानात पोरं जेवणाची ताटं धूत होती.

"नाहीत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मंग उद्या करते."