अंगठ्याचा खळगा

लढाई अजून लागायची होती, पण तिच्या तयारीनं बाबांच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची शिफ्ट सुरू झाली होती. बाबा बारूद भरायच्या सेक्शनात होते. आपले कपडे, चपला बाहेर काढायच्या आणि आत फॅक्टरीचे कपडे, बिनखिळ्यांचे बूट घालायचे. लघवीला जायचं तर पुन्हा सगळं बदला, परतताना झडती द्या. काम खोळंबलं की फोरमन डोळे वटारणार. म्हणून तिथली माणसं पाणीच पीत नसत. जबलपूरच्या मे महिन्यात! आग लागो त्या शिस्तीला.

बाबांना तर त्याचा केवढा अभिमान! जेवताना सांगायचे, "पूर्ण शिफ्टमध्ये एकदाही उठलो नाही. जवान पोरं पळून राहिली सारखी." आम्हालाही वाटायचं, काय कामसू बाप आहे आपला.

पावसाळा सरता सरता सकाळी त्यांचं तोंड भरलेलं दिसायला लागलं, पापण्या जड. दीक्षितपुऱ्यातली आमची शेजारीण आईला चिडवायची, "ओव्हरटाइमचं तूप दिसून राहिलं बाई तोंडावर!" आई लाजायची. काडीसारख्या नवऱ्याच्या अंगावर एकदाचं मांस चढलं म्हणून तिला कोण आनंद. बूट घट्ट व्हायला लागले तेव्हा बाबांनी स्टोअरमधून एक नंबर मोठे मागून घेतले.

आम्हा बहिणींना एक खेळच सापडला. बाबा पाय पसरून बसले की नडगीवर अंगठा दाबायचा. खळगा पडायचा. जिचा खळगा जास्त वेळ टिकेल ती जिंकली. बाबाही हसायचे. आई ओरडायची, "काहून छळून राहिल्या गं? थकून आले ते!"

मग अन्नावरची वासना गेली, उलट्या सुरू झाल्या, आडवं झालं की धाप लागायची. तेव्हा कुठे आई त्यांना ओमतीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी सोबत होते. लढाई लागली होती, दवाखान्याच्या काचांवर काळे कागद चिकटवलेले होते.

"पेशाब कितनी होती है?" डॉक्टरांनी विचारलं.

"पूरी शिफ्ट में एक बार भी नहीं जाना पड़ता, साहब," बाबा ताठ बसून म्हणाले.

"और घर पे?"

बाबांची मान खाली गेली. "थोड़ीसी. झाग वाली."

लघवीला फेस येतो हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी बायकोला काय सांगायच्या, म्हणे! डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अगदी आमच्यासारखाच. खळगा पडला, आणि ते हसले नाहीत. "दोनों गुर्दे जवाब दे रहे हैं," ते आईला म्हणाले. गुर्दे म्हणजे मूत्रपिंडं. "चेहरा सूजा, पैर सूजे, तब क्यों नहीं लाए?" आईनं तर त्या तोंडावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या.

मीठ बंद झालं, गोळ्या झाल्या. उशीर झाला होता.

लढाई आपण जिंकलो. बड्या फुहाऱ्याच्या चौकात पेढे वाटून राहिले होते आणि आमच्या दारात तिरडी बांधत होते. फोरमन आला, हात जोडून म्हणाला, "बड़ा मेहनती आदमी था. कभी उठा ही नहीं." मला वाटलं, ह्याचं थोबाड फोडावं.

माणसं उचलायला वाकली तेव्हा आई पुढे झाली. तिनं बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि खळग्याकडे बघत बसली.

"चला वहिनी," कुणी तरी म्हणालं.

"थांबा," आई म्हणाली. "भरून येऊ द्या."